अकरा अक्षरं आणि एक टिंब

ज्या साली सुजाताचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, ते साल दोन हजार एकेचाळीस.

बोलणी फाल्गुनात झाली, बार्शीच्या वडारवस्तीत, हणमव्वाच्या पत्र्याच्या घरासमोर. मुलाकडचे अलकुंटे कुर्डुवाडीचे. मुलगा विनायक, विजेवरच्या गाड्या दुरुस्त करणारा. सुजाता बार्शीच्या शाळेत मुलांना संगणक शिकवायची. तिला आई-बाप नव्हते. आई लहानपणीच गेली आणि बाप अंबादास अठ्ठावीस साली तापाने गेला. तेव्हापासून आज्जी हणमव्वा हीच तिची सगळी माणसं. म्हणून मानपानाचं बोलायला हणमव्वाच बसली होती.

पाट्याला आणि जात्याला टाकी लावणं हा हणमव्वाचा धंदा. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. तिच्या जातीतल्या बायकांनी पूर्वी गावं वाटून घेतली होती. जिचं गाव तिनेच तिथे हाळी द्यायची, दुसरीने पाऊल टाकायचं नाही. लेकीचं लग्न झालं की आई आपल्यातली दोन-चार गावं तिला आंदण द्यायची. हणमव्वाला तिच्या आईने वैराग, पांगरी, गौडगाव, उपळे आणि आगळगाव अशी पाच गावं दिली होती. दागिना म्हणून एक मणीही दिला नव्हता.

विनायकच्या आत्याने विचारलं, "मग पोरीला आंदण काय द्यायचं म्हणता?"

"गाव देते," हणमव्वा म्हणाली.

"कोणतं गाव?"

"हणमव्वा डॉट कॉम."

आत्या म्हणाली, "अगं बया, कॉम अजून हाय व्हय? आता त्याला कुत्रं विचारत न्हाई. त्यापरीस एक पातेलं द्या, भाजी तरी शिजंल पोरीची."

सगळे खो खो हसले. हणमव्वाही थोडं हसली, पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून. सुजाता चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने तो तिथेच खाली ठेवला.

"माझ्या आज्जीला हसलात. आता चहा पिऊन उठा."

विनायक हसला नव्हता. पण तो काही बोललाही नव्हता, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. सुजाताला तेच जास्त लागलं. लग्न मोडलं.

*

ते नाव अंबादासने घेतलं होतं, दोन हजार बारा साली. तेव्हा तो बारावी होऊन एका सायबर कॅफेत कामाला होता. आई दिवसभर उन्हात "पाट्याला टाकी लावा" म्हणत हिंडते आणि गिऱ्हाईक मात्र ती गल्ली ओलांडून गेल्यावर दार उघडतं, हे त्याला बघवत नव्हतं. पहिल्या पगारातून त्याने इंटरनेटवर आईच्या नावाचं एक पान केलं. त्यावर तिचा पाट्याला टाकी लावतानाचा फोटो, खाली फोन नंबर आणि दोन ओळी टाकल्या: "माझी आई पाट्याला टाकी लावते. ज्या दगडावर हे नाव कोरलेलं असेल, तिथे ती परत येईल."

मग संध्याकाळी दिव्याखाली त्याने कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं आणि आईला म्हणाला, "आव्वा, तू टाकी लावशील त्या प्रत्येक पाट्याच्या पाठीवर एवढं कोर."

हणमव्वाला मराठीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण हे कोरायला सोपं होतं. अकरा अक्षरं आणि एक टिंब. बहुतेक सगळ्या सरळ रेघा, शेवटाकडची दोन वाकडी अक्षरंच काय ती त्रास देणारी. टिंबाला तर छिन्नीचा एकच ठोका. ती अंबादासच्या समोर बसली होती, मध्ये कागद. तिने जसं दिसलं तसं मनात घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कोरायला लागली.

दोन वर्षांनी अंबादासने एक पाटा उचलून पाहिला आणि कपाळाला हात लावला. पाट्याला डोकं असतं, वरची निमुळती बाजू. सगळं नाव त्या डोक्याकडे पाय करून उलटं कोरलेलं होतं.

"आव्वा, हे उलटं हाय!"

"मला सुलटं दिसतं."

"तू समोर बसली होतीस तवा."

"मग आता काय गावोगाव हिंडून पाटे फिरवू? वाचणारा फिरंल की."

ती पुढेही उलटंच कोरत राहिली. हाताला तीच सवय लागली होती. याच अकरा अक्षरांवरून पुढे अंबादासने तिला बाकीची इंग्रजी शिकवली, आणि त्यानंतर मराठी. पन्नाशी गाठता गाठता हणमव्वा एसटीवरची पाटी वाचायला लागली. बहुतेक माणसं मराठीतून इंग्रजीत जातात, ती उलटी आली.

नाव दरसाल पैसे भरून नवं करावं लागतं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाट्यालाही दरसाल टाकी लागतेच. नागपंचमीला दगडाला लोखंड लावत नाहीत, त्या दिवशी ती मोकळी असायची. म्हणून नाव नवं करायचं ते नागपंचमीला. अंबादास गेल्यावर सुजाताला शेजारी बसवून ती हे करू लागली. एकोणतीस वर्षांत एकही खाडा नाही.

*

इंटरनेटवरचा पत्ता यंत्र मागून वाचतं. टपालवाला जसा आधी तालुका बघतो, मग गाव, मग घर, तसंच. नावाच्या शेवटी टिंबानंतर जे येतं, तो तालुका. सुरुवातीला असे तालुके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कॉम त्यातला मोठा, म्हणून कॉममधली चांगली नावं लवकर संपली आणि महाग झाली. मग नवे तालुके निघाले, आधी शेकड्यांनी. दोन हजार चौतीसनंतर तर हवा तो शब्द शेवटी लावायची मुभा मिळाली. दुकान, मसाला, लग्न, आडनावं, गावांची नावं, काय वाटेल ते. लाखभर नवे तालुके उघडले. शहराबाहेर एकदम फुकटात प्लॉट पडले की आतल्या जुन्या जागेचं जे होतं, ते कॉमचं झालं. भाव कोसळला.

त्यात आणखी एक झालं. पत्ता बोटाने टाइप करायची पद्धतच गेली. लोक चष्मा लावू लागले. चष्म्यात बोलणारा मदतनीस. "पाट्याला टाकी लावणारं कुणी आहे का?" असं विचारलं की तो अर्थ लावून आपल्याला वाटेल तिथे नेई. छत्तीस साली 'घरंदाज मसाले' नावाच्या एका कंपनीने हणमव्वाचं नाव मसाला या नव्या शेपटीसकट घेऊन टाकलं. कानाला गोड लागतं म्हणून घेतलं असावं. तेव्हापासून कुणी हणमव्वा म्हटलं की मदतनीस त्याला कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटापाशी नेऊन उभा करी. हणमव्वाचा फोन वाजायचा थांबला.

त्याच सुमाराला तिचा खोकला वाढला. सोलापूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. पन्नास वर्षांची दगडाची धूळ आत बसली होती. नवरा असाच गेला होता, त्यामुळे तिला फोटो वाचायला शिकवावं लागलं नाही.

तरी छत्तीसची, सदतीसची, चाळीसची नागपंचमी तिने चुकवली नाही.

"आज्जी, एक गिऱ्हाईक येत नाही यावरून," सुजाता एकदा म्हणाली होती.

"गावात पाऊस पडला न्हाई म्हणून गाव कुणी सोडून देतं का?"

*

लग्न मोडून दोन महिने झाले आणि वैशाखात, भर दुपारी, विनायक एकटाच वस्तीत आला. स्कूटरच्या पायाशी गोणपाटात काहीतरी जड बांधलेलं होतं. सुजाताने त्याला बघितलं आणि आत जाऊन दार लोटलं.

हणमव्वा बाहेर बाजेवर बसली होती. "काय रं, पातेलं आणलंस का?"

तो ओशाळला. "आज्जी, पाटा आणलाय. टाकी लावायची होती."

"कुर्डुवाडीत मिक्सर नाही?"

"आहे. हा माझ्या आजीचा. ती गेली तेव्हापासून माळ्यावर होता. मला तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवली, म्हणून काढला. पुसताना उलटा केला, तर..."

त्याने गोणपाट सोडलं आणि पाटा पालथा केला. तेला-हळदीने पिवळ्या पडलेल्या खाचांत अकरा अक्षरं आणि एक टिंब. उलटं.

हणमव्वाने त्यावरून अंगठा फिरवला. 'सी'ची कमान तुटकी होती. पहिल्या वर्षातली. तेव्हा वाकडं जमत नव्हतं.

"तुझी आजी तवा वैरागात राहायची. उंच होती. डाव्या डोळ्यात फूल," ती म्हणाली. "मला तिने ताक दिलं होतं. पैसे देऊन वर ताक."

विनायकच्या डोळ्यांत पाणी आलं. "होय. डाव्याच."

"मग त्या दिवशी तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"आत्याला घाबरलो," तो खरं ते म्हणाला. "आता तिला सांगून आलोय. तुम्ही गाव दिलं तर मी डोक्यावर घेऊन जाईन. नाही दिलं तरी सुजाताला विचारणार."

दार लोटलेलं असलं तरी त्याला फट होती. आतून आवाज आला, "आज्जी, त्याला पाणी विचारलंस का?"

लग्न पुन्हा ठरलं ते असं.

पाणी पिऊन झाल्यावर विनायकने आणखी एक गोष्ट सांगितली. पाटा उलटा करताना त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. त्यातल्या मदतनीसाने ते नाव वाचलं आणि त्याला मसाल्याच्या पाकिटाकडे न नेता थेट जुन्या पानावर नेलं. हणमव्वाच्या फोटोवर, अंबादासच्या दोन ओळींवर.

सुजाता बाहेर आली. "मुरांक लागू झाला वाटतं," ती म्हणाली.

*

लोणचं मुरतं तसं नाव मुरतं, म्हणून कुणीतरी मराठीत त्याला मुरांक म्हटलं आणि तोच शब्द रुळला. लाखभर शेपट्या झाल्यावर खोट्या नावांचा सुळसुळाट झाला होता. बँकेची नावं, दवाखान्यांची नावं, रोज एक नवी शेपटी लावून कुणीतरी फसवायचं. नावावरून खरं-खोटं कळेना. इंटरनेटच्या आतले सगळे पुरावे यंत्राला बनवता येत होते, जुन्या तारखासुद्धा. तेव्हा संशोधकांनी पुरावा बाहेर शोधायचं ठरवलं. दुकानांच्या पाट्या, भांड्यांवरची नावं, भिंतींवरचा रंग, देवळातल्या देणगीच्या फरशा. करोडो चष्मे हे सगळं रोज बघतच होते. कोरलेल्या अक्षराची धार किती बोथट झाली, खाचेत तेलाचे, धुळीचे किती थर बसले, यावरून ते अक्षर किती जुनं हे चष्म्याला मोजता येऊ लागलं. ज्या नावाच्या खुणा जगात जुन्या, पुष्कळ आणि वापरातल्या, त्याचा मुरांक मोठा. मदतनीस आधी त्याच्याकडे जाणार.

कॉमचा भाव पुन्हा चढला, पण सगळ्यांचा नाही. ज्यांनी नावं नुसती साठवून ठेवली होती त्यांची रद्दीच राहिली. जी नावं वापरून झिजली होती, ती वर आली.

हणमव्वाने मोजदाद ठेवली नव्हती, पण सात-आठ हजार पाटे सहज झाले असतील. ते लग्न होऊन गेलेल्या पोरींबरोबर पुण्याला, बेळगावला, दुबईला, कॅनडालाही पोचले होते. आणि सगळीकडे उलटे. खोटं कोरणारा कुणीही नाव सुलटंच कोरेल. त्यामुळे हिची चूक हीच हिची सही ठरली. एवढ्या लहान धंद्याचा एवढा मोठा मुरांक राज्यात दुसरा नव्हता.

फोन पुन्हा वाजू लागला. आणि श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, घरंदाज मसालेवाल्यांची गाडी वस्तीत शिरली.

आलेल्या साहेबांचं नाव तेरदाळकर. मऊ बोलणारे, बूट काढून आत आले. त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत पक्कं घर झालं असतं, सुजाताचं लग्न झालं असतं, आणि हणमव्वाला जन्मभर प्राणवायूचं यंत्र मिळालं असतं.

"फक्त नाव आमचं होईल, आजी. आणि यापुढे तुम्ही ते कोरायचं नाही."

"ते पान?"

"ते काढावं लागेल."

"आणि कुणाचा पाटा गुळगुळीत झाला, त्याने दगड उलटा केला, तर?"

"तर त्याला आमचा मसाला घरपोच मिळेल," तेरदाळकर हसून म्हणाले. "वाटायची दगदगच नको."

"साहेब, तुमच्या घरी पाटा आहे?"

"आईचा आहे. गॅलरीत. त्यावर कुंडी ठेवलीय."

हणमव्वाने उद्या सांगते म्हणून त्यांना चहा देऊन पाठवलं.

*

गाडी गेली आणि ती सुजाताला म्हणाली, "देऊन टाकू."

सुजाताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझ्या लग्नासाठी? मग नकोच. मी कोर्टात जाऊन सह्या करीन दोन."

"लग्नासाठी न्हाई गं. अंबादासने काय लिहिलंय त्याच्यावर? परत येईल म्हणून. आता मला चौकापर्यंत जाववत न्हाई. काल कॅनडाची बाई फोनवर रडली, आईचा पाटा हाय म्हणाली. मी तिला येते म्हणाले. कशी जाणार हाय मी? मी मेल्यावर तर ती सगळी अक्षरं खोटं बोलणार. माझ्या पोराच्या नावाने खोटं. त्यापरीस विकलेलं बरं."

"मी येईन ना त्यांच्याकडे."

"तुला कुठं येतं?"

"तू शिकवलं नाहीस."

"शिकवणार बी न्हाई!" हणमव्वाला खोकल्याची उबळ आली. ती बसेपर्यंत सुजाता तिची पाठ चोळत राहिली. "तुझ्या आज्ज्याला दगडानं नेलं. मला नेतोय. तुझ्या हातात पुस्तक दिलं ते कशापायी?"

"मग मला आंदण कसलं दिलंस? गाव दिलंस आणि रस्ता दिला नाहीस."

हणमव्वा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रात्री ती जेवली नाही. सुजाताही जेवली नाही. विनायकचा फोन आला तेव्हा सुजाता त्याच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती.

पहाटे हणमव्वाला जाग आली ती आवाजाने. ठक. ठक-ठक. ठक. दगडावर लोखंड. एक घाव खोल, पुढचा उथळ, तिसरा घसरलेला. पन्नास वर्षं हाच आवाज ऐकलेल्या माणसाला असला आवाज दात दुखल्यासारखा लागतो. ती काठी टेकत बाहेर आली.

अंगणात सुजाता बसली होती. तोंडावर जाड मुखपट्टी, पुढ्यात विनायकच्या आजीचा पाटा. वर दोरीला बाटली टांगून नळी सोडली होती, तिचं पाणी छिन्नीच्या टोकाशी थेंब थेंब पडत होतं. एकही कण उडत नव्हता. धुळीचा नुसता राखाडी चिखल वाहत होता.

"हे कुणी शिकवलं?"

"विनायकने. त्याच्याकडे लोखंड घासताना असंच पाणी सोडतात."

हणमव्वा त्या ओल्या दगडाकडे बघत राहिली. एवढंसं पाणी. तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर कुणी अशी बाटली टांगली नव्हती.

"आज पंचमी हाय," ती शेवटी म्हणाली. "आज दगडाला लोखंड लावत न्हाईत. अक्कल न्हाई तुला."

"मग उद्या लावू?"

हणमव्वा हळूहळू खाली बसली. नातीच्या हातातली छिन्नी तिने काढून घेतली नाही, नुसतं मनगट धरून हलवलं. "हे सैल पायजे. दगडाशी भांडायचं न्हाई. आणि आज नुसतं धरायला शीक. मारू नको."

नऊ वाजता तेरदाळकर आले तेव्हा आज्जी-नात नाव नवं करायला बसल्या होत्या. तिसाव्यांदा. सुजाताने त्यांना नाही म्हणून सांगितलं. ते दारात रेंगाळले, वाद घालतील असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "आईच्या पाट्याखाली काही कोरलंय का, ते बघायचं कसं? कुंडी जड आहे."

"कुंडी उचला, साहेब," हणमव्वा म्हणाली. "आणि कोरलेलं नसलं तरी घेऊन या. पोरीला हात बसवायला दगड लागतीलच."

मार्गशीर्षात लग्न झालं. आंदण म्हणून हणमव्वाने विनायकच्या आजीचा पाटा पुन्हा त्याच घरी पाठवला. त्याच्या वरच्या अंगाची सगळी टाकी सुजाताची होती, अर्धी बरी आणि अर्धी वेडीवाकडी. विनायकच्या आत्याने पहिल्या दिवशी त्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली आणि जरा भरड झाली म्हणून कुरकुर केली. मग दोनदा मागून खाल्ली.

सुजाताने शाळा सोडली नाही. शनिवार-रविवार ती आणि विनायक स्कूटरवर छिन्नी, हातोडी आणि पाण्याची बाटली घेऊन फोन येईल त्या गावाला जातात. कॅनडाच्या बाईला तिने चष्म्यातून शिकवलं, ती तिकडे आणखी चौघींना शिकवते आहे. नवीन पाट्यावर नाव कोरताना सुजाता दगडाच्या डोक्याकडे बसते, म्हणजे ते आपोआप उलटं येतं. पानावर अंबादासच्या दोन ओळी तशाच आहेत.

हणमव्वा यल्लप्पा पाथरूट दोन हजार त्रेचाळीस साली, माघातल्या एका मंगळवारी सकाळी, बार्शीच्या राहत्या घरी वारली.